रस्ता संपल्याची पाटी

चिलीची हद्द जवळ आली की रिओ गायेगोसहून उश्वायाकडे निघालेल्या बसमध्ये अवेळीच फराळ सुरू होतो. सफरचंदं सालीसकट संपवली जातात, संत्री सोलली जातात, कुणी उरलेलं हॅम शेजारच्या अनोळखी माणसाच्या हातावर ठेवतं. भूक कुणालाच नसते. पण ताजी फळं, भाज्या, मांस, बिया, मध यांतलं काही चिलीचं कृषी खातं हद्दीच्या आत येऊ देत नाही, आणि अर्जावर न लिहिलेलं सॅकमध्ये सापडलं तर दंड ठोकतं. टाकून देण्यापेक्षा पोटात गेलेलं बरं, या न्यायाने सगळे खात सुटतात. एखाद्या पुणेकराच्या सॅकच्या तळाशी मेतकुटाची पुडी उरली असेल, तर त्याने ती निमूट अर्जावर लिहावी आणि काढून दाखवावी. मेतकूट म्हणजे काय, हे तपासनिसाला मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये समजावणं हा त्या दिवसातला सगळ्यात अवघड टप्पा ठरू शकतो.

गंमत अशी, की ही बस अर्जेंटिनातून अर्जेंटिनातच चाललेली असते. तिएर्रा देल फ्वेगो हे दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेलं मोठं बेट दोन देशांनी उभं चिरून वाटून घेतलं आहे. पश्चिमेचा भाग चिलीचा, पूर्वेचा अर्जेंटिनाचा. मुख्य भूमीवरून बेटावर नेणारी फेरीबोट मात्र चिलीच्या हद्दीतून सुटते. त्यामुळे अर्जेंटिनातून बाहेर, चिलीत आत, चिलीतून बाहेर, पुन्हा अर्जेंटिनात आत, अशी चार वेळा खिडकीसमोर रांग. अंतर सहाशे किलोमीटरच्या आतलं, पण बारा तास सहज जातात. भारतीय पासपोर्ट असलेल्याने एक गोष्ट निघण्यापूर्वीच तपासावी: दोन्ही देशांत प्रवेशाची सोय हवी, आणि अर्जेंटिनाची परवानगी एकाहून जास्त वेळा आत येऊ देणारी हवी. नाहीतर शेवटचा टप्पा विमानाने.

बसमध्ये नोकरीवर निघालेले असतात, नातेवाइकांकडून घरी परतणारी कुटुंबं असतात आणि एक तिसरी जमात असते, ती सॅकवरून ओळखू येते. कोलंबियातल्या कार्ताहेनापासून कितो, कुस्को, ला पाझ, उयुनीचं मिठागर, आताकामाचं वाळवंट, बारिलोचे, एल चाल्तेन असं करत ही मंडळी खाली खाली सरकत आलेली असतात. या वाटेला थट्टेने ‘ग्रिंगो ट्रेल’ म्हणतात. कुणाचे चार महिने झालेले असतात, कुणाचे दहा. बुटाचा तळ गोंदाने दोनदा चिकटवलेला असतो, सॅकच्या एका पट्ट्याच्या जागी दोरी आलेली असते, आणि टी-शर्टचा मूळ रंग सांगणं अवघड असतं. आग्नेय आशियात फिरणाऱ्याला प्रवासाचा शेवट स्वतःच ठरवावा लागतो. बँकॉकला तो पाच वेळा येतो आणि पाच वेळा निघतो, सहाव्यांदा पैसे संपतात म्हणून घरी जातो. इथे ती जबाबदारी भूगोलाने उचलली आहे. उश्वायाच्या पुढे जायला रस्ताच नाही.

फेरीबोटीवर बससकट चढायचं, मग उतरून कठड्याशी उभं राहायचं. पाणी जेमतेम चारेक किलोमीटर रुंद. वारा बरा असेल तर वीस मिनिटं, नसेल तर काठावर तासन्‌तास वाट पाहणं. कधी काळे-पांढरे, ठेंगणेसे डॉल्फिन बोटीच्या पुढ्यात खेळतात आणि सगळे मोबाइल एकाच बाजूला झुकतात. ही मॅगेलनची सामुद्रधुनी. प्रवास संपवण्याच्या तोंडावर असलेल्या माणसाने ती ओलांडावी, यात एक वेगळंच औचित्य आहे, कारण याच पाण्यातून गेलेल्या एका प्रवासाचा शेवट फार विलक्षण झाला होता.

१५१९ मध्ये पाच जहाजं आणि सुमारे २४० माणसं घेऊन मॅगेलन स्पेनहून निघाला. १५२० मध्ये या सामुद्रधुनीतून तो पॅसिफिकमध्ये उतरला आणि पुढच्या वर्षी फिलिपिन्समध्ये मारला गेला. पृथ्वीला वळसा घालून परत पोचलं ते ‘व्हिक्टोरिया’ हे एकच जहाज, हुआन सेबास्तियन एल्कानोच्या हुकमतीखाली. ६ सप्टेंबर १५२२ रोजी ते स्पेनच्या किनाऱ्याला लागलं, तेव्हा निघालेल्यांपैकी १८ जण त्यावर उरले होते. त्याआधी केप व्हर्दे बेटांवर एक चमत्कारिक गोष्ट घडली. जहाजावरच्या हिशेबाने तो बुधवार होता, किनाऱ्यावरचे लोक गुरुवार सांगत होते. पिगाफेत्ता हा इटालियन प्रवासी सगळा काळ रोजनिशी लिहीत होता, एक दिवसही चुकवला नव्हता, त्यामुळे तो गोंधळला. सूर्याच्या मागे मागे पश्चिमेला जात पूर्ण प्रदक्षिणा केली की एक दिवस हातातून निसटतो, हे तेव्हा कुणाच्या अनुभवाचं नव्हतं. तीन वर्षांनी घरी आल्यावर त्यांना कळलं, की आपण घरापेक्षा एक दिवस मागे आहोत.

सेव्हिलला पोचल्यावर हे उरलेले खलाशी अनवाणी, अंगावरच्या लक्तरांनिशी, हातात मेणबत्त्या घेऊन चर्चकडे चालत गेले. घरी जायच्या आधी.

मराठी वाचकाला हे अनवाणी चालणं परकं वाटायचं कारण नाही. नवस बोललेला असतो, तो फेडल्याशिवाय प्रवास पुरा होत नाही. काशीहून परतलेला माणूस गंगेची पूजा करून मावंदं घालत असे. पंगत जेवून उठली की गावाला कळे की याची यात्रा संपली, आणि मुख्य म्हणजे यात्रेकरूलाही कळे. पंढरीच्या वारीत तर परतण्याला स्वतंत्र शब्दच आहे, परतवारी. आषाढीपर्यंत गर्दी, बातम्या, ड्रोनमधून टिपलेली रिंगणं. पौर्णिमेला काला झाला की पालख्या पायीच आळंदी-देहूकडे माघारी निघतात, थोड्या माणसांनिशी, जाताना लागले त्याहून कमी दिवसांत, बहुधा कॅमेऱ्यांशिवाय. पण चालतच. सॅकवाल्यांच्या प्रवासाला नेमकी ही परतवारी नाही. सहा महिन्यांत बसगाड्यांनी, ट्रकांनी, खेचरांच्या वाटांनी तुडवलेलं अंतर विमान दोन दिवसांत उलटं गुंडाळून टाकतं. उश्वायात पोचलेली माणसं पुढचे चार दिवस जे काही करत हिंडतात, ते पाहिलं की वाटतं, ही सगळी हाताला लागेल त्या सामानातून आपलं आपलं मावंदं घालायच्या खटपटीत आहेत.

फेरीनंतर चिलीचा उजाड माळ, मग पुन्हा अर्जेंटिना, मग रिओ ग्रांदे हे औद्योगिक शहर, जिथे कुणी उतरत नाही. तोल्विन या छोट्या गावी ‘ला उनियोन’ नावाची बेकरी आहे. दूरच्या सायकलस्वारांना ती वर्षानुवर्षं फुकट झोपायला जागा देत आली आहे, आणि अलास्काहून सायकल मारत आलेल्या कित्येकांनी प्रवासातली शेवटून दुसरी रात्र पिठाच्या वासात काढली आहे. तिथून पुढे अचानक झाडं लागतात. दिवसभर गवत आणि मेंढ्या पाहिल्यावर लेंगा नावाच्या झाडांची गर्द राई बघून बस जागी होते. वाऱ्याने एका बाजूला कायमची झुकलेली काही झाडं तर फडकणाऱ्या झेंड्यासारखी दिसतात, आणि तिथले लोक त्यांना झेंड्याची झाडंच म्हणतात. गारिबाल्दी घाट ओलांडला की उतारावर खाली उश्वाया.

५४ अंश ४८ मिनिटं दक्षिण अक्षांश. पाठीशी बर्फाळ डोंगर, पुढ्यात बीगल खाडी, मधल्या उतारावर रंगीत पत्र्याच्या छपरांची चढती घरं. वस्ती ऐंशी हजारांच्या घरात. डिसेंबरात रात्री दहालाही उजेड असतो, त्यामुळे पहिल्या संध्याकाळी सगळ्यांचं जेवण चुकतं.

हे शहर वाढलं ते परत जाऊ न देण्यासाठी. १९०२ मध्ये इथे तुरुंगाचं बांधकाम सुरू झालं, ते कैद्यांकडूनच करून घेण्यात आलं. भिंती ठेवायची फारशी गरज नव्हती. पळून जाणारा जाणार कुठे? अराजकतावादी सिमोन रादोवित्स्की १९१८ मध्ये निसटला, पण चिलीच्या पाण्यात पकडून परत आणला गेला. कैदी रोज एका छोट्या आगगाडीत बसून लाकूड तोडायला जंगलात जात. १९४७ मध्ये पेरोन सरकारने तुरुंग बंद केला. आता तिथे संग्रहालय आहे, आणि ती आगगाडी ‘जगाच्या शेवटाची गाडी’ म्हणून पर्यटकांना सात किलोमीटर फिरवून आणते. जिथून सुटकेसाठी माणसं जीवावर उदार होत, तिथे यायला आता माणसं वर्षभर पैसे साठवतात.

‘जगाचा शेवट’ हा उश्वायाचा छापच झाला आहे. मग, टोप्या, चॉकलेट, बिअर, सगळ्यांवर तोच. पर्यटन कार्यालयात पासपोर्टावर हौसेचा शिक्काही मारून मिळतो. तो वहीत घ्यावा, पासपोर्टात नको. असे शिक्के पासपोर्टात असू नयेत असं अनेक सरकारं बजावतात, आणि शेवटच्या गावी मिळालेला शिक्का घरच्या विमानतळावर अडचणीचा ठरावा, हे बरं नव्हे. बंदरात ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतला म्हणून लाल-पांढऱ्या दीपस्तंभाची चित्रं विकली जातात. तो आहे ‘लेझ एक्लेरर’, १९२० सालचा. व्हर्नच्या डोळ्यांसमोर होता तो पार पूर्वेला, इस्ला दे लोस एस्तादोस बेटावरचा. खाडीपलीकडच्या पुएर्तो विल्यम्सवाल्यांना तर हा सगळाच बनाव वाटतो. ते चिलीचं गाव आहे, वस्ती दोनेक हजारांची, आणि आणखी दक्षिणेला. २०१९ मध्ये चिलीने त्याला शहराचा दर्जा देऊन टाकला आणि टोकाच्या शहराचा मान आपल्याकडे ओढला. या भांडणात यागान लोकांना कुणी विचारलं नाही. होडीत विस्तव पेटता ठेवून हजारो वर्षं या खाड्यांत राहिलेल्या त्या माणसांना हा शेवट नव्हताच. त्यांची भाषा जन्मापासून बोलणाऱ्या शेवटच्या वृद्धा क्रिस्तिना काल्देरोन याच पुएर्तो विल्यम्सजवळ राहत. फेब्रुवारी २०२२ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी त्या गेल्या.

खरी पाटी शहरात नाही. शहरापासून वीस-पंचवीस किलोमीटरवर, १९६० मध्ये राखीव झालेल्या तिएर्रा देल फ्वेगो राष्ट्रीय उद्यानात लापाताया खाडीशी धुळीचा रस्ता संपतो. तिथे लाकडी फलक आहे: राष्ट्रीय मार्ग क्रमांक ३ येथे संपतो, ब्वेनोस आयरेस ३०७९ किलोमीटर, अलास्का १७,८४८ किलोमीटर. सकाळच्या बस आल्या की फलकासमोर रांग लागते. रांगेला एक अलिखित शिस्त असते. पुढच्याचा फोटो मागच्याने काढायचा, मग आपला मोबाइल त्याच्या मागच्याकडे द्यायचा. सहल कंपनीच्या गाडीतून आलेली कुटुंबं अर्ध्या मिनिटात आटोपतात. सॅकवाले ओळखू येतात ते इथेही. ते सॅक हॉस्टेलवर ठेवून येत नाहीत, ती घेऊन येतात, पाठीवर चढवतात, पट्टे ओढून नीट बसवतात आणि मगच फलकाशी उभे राहतात. सायकलवाले सायकल डोक्यावर उचलतात. आणि फोटो झाल्यावर काय करायचं, हे कुणालाच सुचत नाही. काही जण फलकाला हात लावून बघतात. एखादा मागे लाकडी पायवाट आहे ती धरतो, खाडीपर्यंत जातो, पाण्यात बोटं बुडवतो. थंडगार. पुन्हा फलकाकडे येतो आणि परतीच्या बसची वेळ विचारतो.

फलकावरचा अलास्काचा आकडा फार मनावर घेऊ नये. मध्ये पनामा आणि कोलंबिया यांच्यात दारियेनचं सुमारे शंभर किलोमीटरचं दलदलीचं जंगल आहे, तिथे रस्ता नाहीच. शिवाय चालणारा माणूस सरळ चालत नाही. जॉर्ज मीगन हा इंग्रज खलाशी जानेवारी १९७७ मध्ये उश्वायाहूनच पायी निघाला आणि सप्टेंबर १९८३ मध्ये अलास्कात आर्क्टिक समुद्राशी पोचला. त्याची पायपीट भरली सुमारे ३०,६०० किलोमीटर.

त्याच्याही आधीचा आणि अर्जेंटिनातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेला प्रवासी म्हणजे एमे चिफेली, मूळचा स्वित्झर्लंडचा, ब्वेनोस आयरेसजवळच्या शाळेत मास्तर. अर्जेंटिनाची क्रिओयो जातीची घोडी किती काटक आहेत हे सिद्ध करायचं म्हणून मांचा आणि गातो हे दोन वयस्कर घोडे घेऊन तो एप्रिल १९२५ मध्ये निघाला. एक पंधराच्या, दुसरा सोळाच्या घरात, म्हणजे घोड्यांत जवळजवळ पेन्शनीचं वय. लोकांनी वेड्यात काढलं. २० सप्टेंबर १९२८ रोजी तो न्यूयॉर्कच्या रस्त्यात घोड्यावर बसून हजर झाला. तो दिवस आता अर्जेंटिनात राष्ट्रीय अश्वदिन आहे. पण चिफेलीच्या गोष्टीतला आपल्या कामाचा भाग न्यूयॉर्कनंतर सुरू होतो. परत जायला त्याने ‘व्हेस्ट्रिस’ जहाजावर जागा ठरवली होती. व्याख्यानाचं आमंत्रण आलं म्हणून निघणं लांबलं आणि ते जहाज नोव्हेंबरात शंभराहून जास्त माणसांसकट बुडालं. साडेतीन वर्षांत अँडीज आणि वाळवंट यांनी जे केलं नाही, ते घरी जाणारी बोट करून गेली असती. मागून तो दुसऱ्या जहाजाने आला, घोड्यांसकट. घोड्यांना कायमचं मोकळं कुरण मिळालं. गातो १९४४ मध्ये मेला, मांचा १९४७ मध्ये. आज दोघंही लुहानच्या संग्रहालयात पेंढा भरून उभे आहेत. चिफेली इंग्लंडला स्थायिक झाला होता, तिथेच वारला. पुढे त्याची रक्षा मात्र अर्जेंटिनात, घोडे जिथे चरत त्या कुरणात आणून पुरली.

ज्यांना शेवट नकोच असतो, त्यांच्यासाठी उश्वायात एक पळवाट आहे: अंटार्क्टिका. नोव्हेंबर ते मार्च या धक्क्यावरून पांढऱ्या बोटी सुटतात. अंटार्क्टिक द्वीपकल्प इथून हजारेक किलोमीटर, म्हणजे ड्रेकच्या खवळलेल्या पाण्यातून दोन दिवस. रिकाम्या राहिलेल्या खोल्या निघायच्या आठवड्यात सवलतीत मिळतात, पण सवलतीतही हजारो डॉलर. हॉस्टेलच्या ओट्याशी बसून मोबाइलवर बँकेतली शिल्लक पुन्हा पुन्हा बघणारा प्रवासी हे इथलं नेहमीचं दृश्य आहे. काही जण हिशेब मांडता मांडता धक्क्यापर्यंत जाऊन येतात. काही जण खरंच जातात, आणि घरी आणखी एक फोन करून आणखी एक थाप मारतात.

या बाबतीत सगळ्यांचा गुरू बेर्नार मोआतेसिए. उश्वायाच्या दक्षिणेला दीडएकशे किलोमीटरवर केप हॉर्न आहे. १९६८ मध्ये सुरू झालेल्या एकट्याने न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत हा फ्रेंच दर्यावर्दी फेब्रुवारी १९६९ मध्ये हॉर्न वळसा घालून गेला. पुढे फक्त अटलांटिक चढून इंग्लंड गाठायचं होतं. पैसा, कीर्ती, बायको, सगळं तिकडे वाट पाहत होतं. त्याने सुकाणू फिरवलं, केप टाउनपाशी गलोलीने एका जहाजावर चिठ्ठी फेकली की मी शर्यत सोडतो आहे, कारण मी समुद्रावर सुखात आहे, आणि पृथ्वीला आणखी अर्धा वळसा घालून जूनमध्ये ताहितीला उतरला. निघालेल्या नऊ जणांत शर्यत पूर्ण केली एकट्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने, ३१२ दिवसांत, ‘सुहैली’ या छोट्या शिडाच्या बोटीतून. सुहैली बांधलेली होती आपल्या मुंबईत, सागवानी लाकडात.

केप हॉर्नशी मराठी माणसाचं याहून जवळचं नातं आहे. नौदलातले दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले, ती ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधलेली. न्यूझीलंडहून हॉर्न ओलांडून ते फॉकलंडला गेले आणि १९ मे २०१० रोजी मुंबईत परतले. एकट्याने शिडाच्या बोटीतून जगप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय. जिथून निघाले तिथेच बोट आली. वर्तुळ असेल तर शेवटाचा प्रश्न निम्मा सुटतो.

रेषेत गेलेल्याचं काय होतं, त्याची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्टही याच खाडीतली आहे. १८३० मध्ये ‘बीगल’ जहाजाच्या कप्तान फिट्झरॉयने इथल्या चार यागान-अलाकालुफ माणसांना उचलून इंग्लंडला नेलं. त्यातला एक जण देवीने गेला. एका मुलाच्या बदल्यात शिंपल्याचं बटण दिलं अशी कथा, म्हणून त्याचं नाव जेमी बटन पडलं. खरं नाव ओरुंदेयिको. तो इंग्रजी शिकला, राजाराणीला भेटला, हातमोज्यांची आणि चकचकीत बुटांची त्याला चटक लागली. जानेवारी १८३३ मध्ये बीगल त्याला घरी सोडायला आली, आणि जहाजावर तरुण डार्विन होता. भावाशी बोलायला जेमीला स्वतःची भाषा धड आठवेना. तो इंग्रजीत बोलू लागला, मग तोडकंमोडकं स्पॅनिश वापरून पाहिलं. आई आली, तीही फार काही न बोलता होडी सांभाळायला निघून गेली. डार्विनने लिहून ठेवलं, की दोन घोडे माळावर भेटले तरी याहून जास्त हालचाल होते.

वर्षभराने, मार्च १८३४ मध्ये जहाज पुन्हा आलं तेव्हा एका होडीतला माणूस तोंडावरचा रंग धुवत होता. केस वाढलेले, अंग खंगलेलं, कमरेला घोंगडीचा तुकडा. जहाजाकडे पाठ करून बसला, इतकी त्याला लाज वाटली. मग कपडे घालून कप्तानाबरोबर जेवला, काटे-चमचे पूर्वीसारखेच नीट वापरले. पण परत इंग्लंडला यायला नाही म्हणाला. बायको होती, खायला भरपूर होतं. त्याने पाणमांजराची दोन कातडी जहाजावरच्या मित्रांना भेट दिली, आणि जहाज निघालं तेव्हा किनाऱ्यावर मोठा जाळ पेटवला. मॅगेलनच्या लोकांनी ज्या जाळांवरून या बेटाला अग्नीची भूमी म्हटलं, तसाच. घरी येऊन परका होणं आणि मग पुन्हा घरचा होणं, या दोन्हींना जेमीला वर्ष लागलं.

यावर विद्यापीठांत शोधनिबंध झाले ते बऱ्याच उशिरा. परदेशातून अभ्यास करून परतलेल्यांना बाहेर रुळताना जितका त्रास झाला, तसाच पुन्हा घरी रुळताना होतो, हे जॉन आणि जीन गलाहॉर्न या जोडप्याने १९६३ मध्ये मांडलं. परत येणाऱ्याच्या मनाचा आलेख इंग्रजी ‘डब्ल्यू’सारखा वरखाली होतो, असं त्यांचं म्हणणं. पुण्या-मुंबईच्या घरात या आलेखाचा पहिला उतार बहुधा ‘काय मग, कशी झाली ट्रिप?’ या प्रश्नाशी सुरू होतो. सहा महिन्यांचं उत्तर दोन वाक्यांत हवं असतं, आणि तिसऱ्या वाक्याला चहा येतो.

शेवटच्या दिवशीची कामं मात्र अगदी रोकडी असतात. पेसो संपवायचे, कारण देशाबाहेर त्यांना कुणी विचारत नाही, आणि देशातही जपून ठेवण्यात अर्थ नाही हे अर्जेंटिनावाल्यांइतकं कुणाला ठाऊक नसेल. २०२३ मध्ये तिथली महागाई २११ टक्क्यांवर गेली, म्हणजे वर्षभरात किमती तिपटीहून वर. मग पिवळी पुस्तिका शोधायची. पीतज्वराची लस घेतल्याचा हा दाखला जाताना सगळे जपतात आणि येताना विसरतात. पण अर्जेंटिना, बोलिव्हिया, पेरू, कोलंबिया अशा देशांतून भारतात उतरणाऱ्याकडे तो नसेल, तर विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येतं. लस घेतल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि पुढे आयुष्यभर चालतो, तेव्हा हरवला तर दुःख त्या कागदाचंच. घड्याळ साडेआठ तास पुढे करायचं असतं, तेही बरेच जण मुद्दाम शेवटपर्यंत ठेवतात.

आणि सॅक रिकामी करायची. इथल्या हॉस्टेलांच्या स्वयंपाकघरात एक फळी किंवा खोकं असतं, त्यावर ज्याला जे नको ते ठेवायचं आणि ज्याला जे हवं ते घ्यायचं. पाव किलो तांदूळ, अर्धी तेलाची बाटली, मिठाच्या पुड्या, ओटचा डबा, माते पिण्याची पत्ती, कुणाच्या तरी हस्ताक्षरात ‘हळद?’ असं लिहिलेली पिशवी. सगळ्यात जास्त असतात ते गॅसचे छोटे डबे. तोर्रेस देल पाइनेच्या राष्ट्रीय उद्यानात उघड्यावर जाळ करायला बंदी आहे, २००५ आणि २०११ मध्ये तिथे प्रवाशांच्या हातून मोठे वणवे लागले. त्यामुळे प्रत्येक तंबूवाल्याजवळ गॅस असतो, आणि गॅसचा डबा, भरलेला असो की अर्धा, विमानात कुठेच नेता येत नाही. म्हणून तो इथे उरतो. किती शिल्लक आहे हे बघायची युक्ती सोपी: सिंकमध्ये पाणी भरायचं आणि डबा सोडायचा. जितका रिकामा, तितका वर तरंगतो.

संध्याकाळी त्या सिंकपाशी दोघं उभे असतात. एकीचं उद्या सकाळचं विमान आहे. तिने तीन डबे आणले आहेत, एक जवळजवळ आडवा तरंगतो, दोन निम्मे बुडतात. दुसरा कालच ब्वेनोस आयरेसहून विमानाने आला आहे, अजून गाल उन्हाने सोललेले नाहीत. त्याला उत्तरेकडे जायचं आहे, सायकलने. निम्मे बुडणारे दोन तो घेतो. त्याची सायकल ज्या मोठ्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आली, ते जिन्याखाली उभं आहे. आता ते तिथे ठेवायला हॉस्टेलवाल्यांची हरकत नाही ना, असं तो विचारतो. वरच्या मजल्यावरचा एक जण बोलिव्हियाहून सायकल मारत आज दुपारी पोचला आहे, त्याला विमानासाठी खोकं हवंच आहे. तो चिकटपट्टी घेऊन खाली येतो, खोक्यावरचं पहिल्याचं नाव मार्करने खोडतो आणि वर आपलं लिहितो.